सालीखालील काळे भुंगेरे : टेनेब्रिऑनिडी कुलाची ओळख कशी पटवावी

पावसाळा सरला की विभागाच्या क्षेत्रसहली सुरू होतात. सहलीहून परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कुप्यांत एक गोष्ट हमखास आढळते. उन्मळून पडलेल्या झाडाची सुटलेली साल उचलली असता तिच्याखाली सापडलेले काळे किंवा काळसर तपकिरी भुंगेरे ती होय. कुपीतील चिठ्ठीवर बहुधा 'काळा भुंगेरा, सालीखाली' एवढाच मजकूर असतो. विद्यार्थी तो नमुना भिंगाखाली ठेवतो, पाठीकडून क्षणभर न्याहाळतो आणि पुस्तकातील एखाद्या चित्राशी त्याचे साम्य दिसताच नाव लिहून मोकळा होतो. असे लिहिलेले नाव बरोबर निघणे हा बव्हंशी योगायोगच असतो.

हा प्रश्न केवळ संग्रहालयाच्या पेटीपुरता नाही. कोकणातील बागाईतदाराचा आंबा वाळू लागतो. तो साल उचकटून पाहतो, तेव्हा त्याला खाली काळ्या भुंगेऱ्यांचा घोळका दिसतो आणि झाड यांनीच मारले अशी त्याची खात्री होते. वास्तविक झाड पोखरणारा प्राणी बहुधा निराळाच असतो. ज्याला आपल्याकडे भिरूड म्हणतात, तो बॅटोसेरा रुफोमॅक्युलेटा हा लांब शृंगिकांचा भुंगेरा सालीच्या भेगांत अंडी घालतो व त्याच्या अळ्या खोडात शिरून ते पोखरतात. सालीखालचे काळे भुंगेरे मागाहून, मेलेल्या भागावर आलेले असतात. ओळख चुकली की औषध त्यांच्यावर पडते आणि शेजारच्या झाडातील भिरूड निर्धास्तपणे आपले काम करीत राहतो. तेव्हा या भुंगेऱ्यांपैकी तमःप्रिय भुंगेऱ्यांचे, म्हणजे टेनेब्रिऑनिडी कुलाचे सभासद कोणते, हे निश्चित कसे करावे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सालीखालचा क्रम

साल आणि लाकूड यांमधील जागा सर्वकाळ सारखी नसते. झाड नुकतेच मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले असते तेव्हा साल खोडाला घट्ट चिकटलेली असते व तिच्या आतल्या थरात अन्नरस शिल्लक असतो. या अवस्थेत तेथे येतात ते रस व ताजे लाकूड खाणारे कीटक. साल पोखरणारे बारीक भुंगेरे, लांब शृंगिकांचे भुंगेरे आणि चकचकीत रंगांचे ब्युप्रेस्टिडी हे त्यांतील मुख्य. त्यांच्या अळ्यांनी पाडलेल्या बोगद्यांमुळे साल सैल होते, आत ओलावा व हवा शिरते आणि बुरशीचे तंतू पसरू लागतात.

यानंतर दुसऱ्या पाळीचे रहिवासी येतात. त्यांत टेनेब्रिऑनिडींचा भरणा मोठा असतो. त्यांपैकी बहुतेक जण बुरशी, कुजके लाकूड आणि आधीच्या कीटकांनी मागे ठेवलेला भुसा यांवर उपजीविका करतात. काही थोडे साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या बोगद्यांत राहतात. म्हणून साल सैल होती की घट्ट, लाकूड ओले होते की भुसभुशीत, बुरशी होती की नव्हती, ही माहिती ओळखीच्या कामी फार उपयोगी पडते. घट्ट सालीखालून ताज्या रसात सापडलेला भुंगेरा टेनेब्रिऑनिडी असण्याचा संभव कमी, आणि सुटलेल्या, बुरशी धरलेल्या सालीखाली तो अधिक. तथापि हा केवळ संभव आहे, पुरावा नव्हे. पुरावा शरीररचनेतच शोधावा लागतो.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पिठातील तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम, हा याच कुलातील होय. १९४४ साली लिन्सली यांनी साठवणीच्या धान्यातील कीटकांची नैसर्गिक निवासस्थाने एकत्र मांडली. त्यांवरून असे दिसते की, या कीटकांपैकी पुष्कळांचा मूळ संसार सालीखाली, कुजक्या लाकडात व इतर कीटकांच्या घरट्यांत होता. कोरडा भुसा, बुरशी आणि अंधार ज्याला मानवतो, त्याला धान्याचे कोठार परके वाटण्याचे कारण नाही. पॅलोरस वंशातील बारीक भुंगेरे तर आजही दोन्ही ठिकाणी सापडतात.

नाव आणि त्यामागील घोटाळा

लिनीअसने १७५८ साली टेनेब्रिओ हा वंश स्थापिला. या लॅटिन शब्दाचा अर्थ अंधाराचा आश्रय करणारा असा आहे. पुढे १८०२ मध्ये लात्रेय यांनी त्यावरून कुलाचे नाव रूढ केले. आज या कुलात सुमारे २,३०० वंश मानले जातात व जातींची संख्या वीस हजारांच्या बरीच वर आहे. वाळवंटापासून घनदाट अरण्यापर्यंत पसरलेल्या एवढ्या मोठ्या कुलाचे एकच एक रूप असणे शक्य नाही. कोणी लांबट, कोणी अर्धगोल, कोणी चपटे, तर कोणी काडीसारखे दंडगोल असतात.

पाठीवरून केलेली ओळख किती फसवी ठरते, याचे उत्तम उदाहरण खुद्द लिनीअसच्याच ग्रंथात मिळते. धान्यात आणि सालीखाली राहणाऱ्या एका काळ्या, लांबट भुंगेऱ्याला त्याने टेनेब्रिओ मॉरिटॅनिकस असे नाव दिले. तो आज ट्रोगोसिटिडी या सर्वस्वी वेगळ्या कुलात टेनेब्रॉयडीस या नावाने नांदतो. त्याने टेनेब्रिओ फॉसर म्हणून वर्णिलेला दुसरा भुंगेरा तर शिकारी कॅराबिडी कुलातील निघाला व आज त्याचा वंश क्लिव्हायना मानला जातो. लिनीअसला हे दोघे सारखे वाटले, कारण काळा रंग, लांबट अंग आणि अंधारात राहण्याची सवय ही तिघांनाही समान होती. रंग आणि सवय यांवर विसंबण्याचा धोका आपल्या विद्यार्थ्यांच्या कुप्यांत आजही तसाच कायम आहे.

या घोटाळ्यातून मार्ग काढला तो पायांनी. फ्रान्समधील जोफ्रवा यांनी १७६२ मध्ये भुंगेऱ्यांची विभागणी पावलांच्या पेरांच्या संख्येवरून करण्याची पद्धत अवलंबिली. पुढे लात्रेय यांनी तीच वाढविली. या पद्धतीतून 'हेटेरोमेरा', म्हणजे विषम पावलांचे भुंगेरे, हा समूह पुढे आला. आजचे वर्गीकरण याहून पुष्कळ सूक्ष्म असले, तरी प्रयोगशाळेतील पहिली पायरी म्हणून पेरांची मोजणी अद्यापि तितकीच उपयुक्त आहे.

उलटा करून पाहावे

या कुलाच्या ओळखीचा सारा भर भुंगेऱ्याच्या खालच्या बाजूवर आहे. नमुना पाठीवर निजवून दहापट भिंगाखाली किंवा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पुढील पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट पावलांची. पायाच्या टोकाशी असलेल्या बारीक पेरांच्या साखळीस आपण टार्सस म्हणतो. टेनेब्रिऑनिडींच्या पुढच्या व मधल्या पायांच्या टार्ससमध्ये पाच पाच पेरे आणि मागच्या पायांत चार असतात. हे सूत्र ५-५-४ असे लिहितात. ज्या पेरास नख्या असतात ते पेर मोजावे, नख्या मोजू नयेत. मोजणी मधल्या पायापासून सुरू करून मग मागच्या पायाकडे वळावे, म्हणजे फरक चटकन ध्यानात येतो. दोन्ही बाजूंचे पाय मोजणे अवश्य आहे. एखादे पाऊल तुटून गेलेले असते आणि तुटलेल्या पाच पेरांची चार झाली की अख्खे कुल बदलते. सूत्राला या कुलात अगदी थोडे अपवाद आहेत, पण नवशिक्याने प्रथम नियमच मानावा.

दुसरी गोष्ट शृंगिकेच्या मुळाची. या कुलात डोक्याची कड दोन्ही बाजूंस पन्हाळीसारखी पुढे आलेली असते आणि शृंगिकेचे मूळ तिच्याखाली झाकलेले असते. वरून पाहिल्यास शृंगिका डोक्याच्या कडेखालून बाहेर आल्यासारखी दिसते. पुष्कळदा हीच कड डोळ्यात शिरते व डोळ्याला खाच पडून त्याचा आकार घेवड्याच्या दाण्यासारखा होतो. शृंगिकेला बहुधा अकरा पेरे असतात. ती मण्यांच्या माळेसारखी असून टोकाकडे हळूहळू जाड होते, किंवा तिच्या शेवटच्या काही पेरांची गदा बनते.

तिसरी गोष्ट पुढच्या पायांच्या खोबणींची. वक्षाच्या ज्या खोबणींत पुढचे पाय बसलेले असतात, त्या येथे मागील बाजूने बंद असतात. ५-५-४ हे सूत्र असलेली इतरही कुले सालीखाली सापडतात. त्यांपैकी पायरोक्रोइडी, पायथिडी व सॅल्पिंजिडी यांच्या खोबणी मागून उघड्या असतात. पावलांनी समान ठरलेले हे आप्त या लक्षणाने वेगळे पडतात.

चौथी गोष्ट उदराची. खालून पाहिल्यास उदराचे पाच पट्टे दिसतात. त्यांतील पहिले तीन एकमेकांस जोडलेले असतात आणि शेवटचे दोन हलू शकतात. सालीखाली राहणाऱ्या बहुतेक टेनेब्रिऑनिडींत तिसऱ्या व चौथ्या, तसेच चौथ्या व पाचव्या पट्ट्यांमधील पातळ चकचकीत पडदा बाहेरून दिसतो. मऊ पडलेल्या नमुन्याचे उदर चिमट्याने हळूच दाबले असता तो अधिक स्पष्ट होतो. हा पडदा ज्यांच्यात दिसतो त्यांच्या उदराच्या टोकाशी सामान्यतः संरक्षक ग्रंथींची जोडी असते.

पाचवी गोष्ट या ग्रंथींच्या स्रावाची. जिवंत भुंगेरा बोटांत धरला असता पुष्कळदा उग्र वास येतो व कातडीवर तपकिरी डाग पडतो. हे क्विनोन वर्गातील द्रव्यांचे काम होय. १९७५ साली शिन्केल यांनी या कुलाच्या रासायनिक संरक्षणाचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गीकरणात ग्रंथींच्या रचनेचे महत्त्व किती आहे हे त्यानंतर अधिक चांगले उमगले. मात्र कॅराबिडी भुंगेरेही उग्र द्रव सोडतात, म्हणून वासाची साक्ष एकट्याने ग्राह्य धरू नये.

या पाचांपैकी कोणतेही एक लक्षण पुरेसे नाही. पाचही जुळली म्हणजेच कुलाचे नाव लिहिण्याचा अधिकार येतो.

एकाच सालीखालचे शेजारी

आता ज्यांच्याशी गल्लत होते त्या शेजाऱ्यांकडे वळू.

कॅराबिडी कुलातील शिकारी भुंगेऱ्यांशी गल्लत सर्वांत अधिक होते. त्यांची पावले ५-५-५ असतात व शृंगिका दोऱ्यासारख्या बारीक असतात. निर्णायक खूण उदराखाली मिळते. मागच्या पायांच्या मुळांनी उदराचा पहिला पट्टा मधोमध तोडलेला असतो. टेनेब्रिऑनिडींत तो अखंड असतो. शिवाय जिवंतपणी कॅराबिडी झटकन पळतात, तर आपला तमःप्रिय भुंगेरा साल उचलल्यावर काही काळ संथच असतो.

पॅसॅलिडी हे कुजक्या ओंडक्यातील मोठे, चकाकणारे काळे भुंगेरे. ते कुटुंब करून राहतात व घर्षणाने आवाज काढतात. त्यांच्या वक्षाच्या पाठीवर मधोमध खोल रेघ असते. वक्ष व पाठीवर ढालीसारखे बसलेले कठीण पंख यांच्या मध्ये कमरेसारखा भाग असतो, आणि शृंगिकेचे टोक पानांच्या जुडीसारखे असते. या कुलासाठी अ‍ॅरो यांचा 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील १९५० चा खंड उपलब्ध आहे.

वर ज्याचा उल्लेख आला तो टेनेब्रॉयडीस आणि त्याचे ट्रोगोसिटिडी आप्त यांच्या पावलांचे पहिले पेर अत्यंत लहान असते. त्यामुळे पाच पेरांचे पाऊल चार पेरांचे भासते. येथे घाईने मोजणारा हमखास फसतो. तथापि तिन्ही पाय सारखेच दिसले, म्हणजे आपण हेटेरोमेरांच्या घरात नाही हे ध्यानी घ्यावे.

झोफेरिडी कुलातील कोलिडिइनी हे बारीक, खडबडीत भुंगेरे फार अवघड. त्यांच्याही शृंगिकेचे मूळ झाकलेले असते व उदराचे पहिले पट्टे जोडलेले असतात. त्यांतील बहुसंख्यांची पावले ४-४-४ असतात आणि तेवढ्यावरच निर्णय घ्यावा लागतो. कागदासारखे चपटे क्युकुजिडी हे आणखी एक कोडे. त्यांच्या काही जातींत नराचे सूत्र ५-५-४ व मादीचे ५-५-५ असते. त्यांच्या उदराचे पाचही पट्टे मोकळे असतात, ही खूण येथे उपयोगी पडते. हिस्टेरिडी मात्र कोपरासारख्या वाकलेल्या शृंगिका व आखूड, छाटल्यासारखे पंख यांवरून सहज वेगळे करता येतात. पाठीवर ठेवताच टचकन उडी मारणारा भुंगेरा इलॅटेरिडी कुलातील, हे विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच.

रंगाबाबत एक इशारा. कोशातून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा फिकट तांबूस असतो व पुढे काही दिवसांत काळा पडतो. एकाच सालीखालील तांबूस आणि काळे नमुने दोन जातींचे म्हणून नोंदविण्यापूर्वी ही गोष्ट स्मरावी.

कुलाच्या आत

कुल निश्चित झाल्यावर वंशापर्यंत जाणे काही प्रसंगी सोपे असते. नख्या कंगव्यासारख्या दातेरी असतील तर तो अ‍ॅलेक्युलिनी उपकुलातील होय. नखीआधीचे पेर खाली पाळीसारखे पसरलेले असेल तर लाग्रिइनींचा विचार करावा. केरळातील रबराच्या मळ्यांत पालापाचोळ्यावर वाढणारा व पावसाच्या आरंभी हजारोंच्या संख्येने घरांत शिरणारा लुप्रॉप्स ट्रिस्टिस याच उपकुलातला. जुन्या ग्रंथांत हे दोन्ही समूह स्वतंत्र कुले म्हणून दिलेले आढळतात. वॉट यांनी १९७४ मध्ये उपकुलांची फेरमांडणी केली. त्यानंतरच्या वर्गीकरणात ते टेनेब्रिऑनिडीतच अंतर्भूत केले जातात. जुनी किल्ली वापरताना भुंगेरा दुसऱ्याच कुलात गेला, तर दोष निरीक्षणाचा असेलच असे नाही.

उलोमा वंशातील भुंगेरे साधारण एक सेंटिमीटर लांब, तांबूस काळे व समांतर कडांचे असतात. पुढचे पाय रुंद व दातेरी असून कुजके लाकूड उकरण्यास योग्य असतात. पुष्कळ जातींत नराच्या वक्षावर पुढे खळगा असतो. टॉक्सिकम वंशात नराच्या डोक्यावर शिंगे असतात व शृंगिकेला स्पष्ट गदा असते. स्ट्राँगिलियम लांबट, लांब पायांचे व मोठ्या डोळ्यांचे असते. प्लॅटिडेमा लंबगोल व फुगीर असून बुरशीच्या आश्रयाने राहते. कॉर्टिसियस अगदी बारीक, अरुंद व दंडगोल असते. साल पोखरणाऱ्यांच्या बोगद्यांत शिरण्यास जणू त्याचे माप घेऊनच ते बनविले आहे. ज्या वंशांत नर व मादी भिन्न दिसतात, तेथे एकट्या मादीवरून नाव देण्याचे धाडस करू नये.

अळ्यांची साक्ष

प्रौढ भुंगेरा आणि अळी एकत्र मिळाल्यास काम सुकर होते. टेनेब्रिऑनिडींची अळी लांब, दंडगोल, कठीण त्वचेची, पिवळसर व सहा पायांची असते. भिरुडाची अळी पांढरी, मांसल व बिनपायांची असते. बागाईतदाराच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढ्या एका फरकात मिळून जाते. इलॅटेरिडींच्या अळ्या मात्र तितक्याच लांब व कठीण असतात. तेथे तोंडाकडे पाहावे. टेनेब्रिऑनिडींत वरचा ओठ स्वतंत्र व हलणारा असतो, इलॅटेरिडींत तो डोक्याच्या कवचाशी एकजीव झालेला असतो.

नमुना आणि चिठ्ठी

ज्या नमुन्याची खालची बाजू दिसत नाही तो नमुना निम्मा वाया गेला असे समजावे. बारीक भुंगेरे रुंद पुठ्ठ्यावर पालथे चिकटविण्याची सवय सोडून, त्रिकोणी पुठ्ठ्याच्या टोकास वक्षाच्या एका बाजूने चिकटवावेत, म्हणजे उदर आणि निदान एका बाजूची पावले मोकळी राहतात. एकाच ठिकाणचे अनेक नमुने असल्यास काही सुके ठेवून काही मद्यार्कात ठेवावेत. डीएनए परीक्षेसाठी ठेवावयाचे असल्यास मद्यार्क ९५ टक्क्यांचा असावा. चिठ्ठीवर ठिकाण व दिनांक यांबरोबर झाडाचे नाव, झाड उभे होते की पडलेले, साल कितपत सुटली होती व बुरशी होती किंवा नाही हे लिहावे. उचललेली साल पुन्हा जागच्या जागी ठेवावी. ती अनेक प्राण्यांचे घर आहे आणि पुढील वर्षी आपल्यालाच तेथे यावयाचे आहे.

जातीपर्यंतची ओळख हे काम वेगळ्या पातळीवरचे आहे. 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेत टेनेब्रिऑनिडी कुलाला स्वतंत्र खंड लाभला नाही. स्टेबिंग यांचा १९१४ चा व बीसन यांचा १९४१ चा वनकीटकांवरील ग्रंथ यजमान झाडे व सवयी यांसाठी उपयोगी पडतात, आणि गेबियन यांची १९१०-११ ची सूची नावांच्या जुन्या इतिहासासाठी. त्यापुढे मूळ वर्णने, नराच्या जननेंद्रियांचे विच्छेदन आणि संग्रहालयातील अधिकृत नमुन्यांशी तुलना यांवाचून गत्यंतर नाही. सुमारे साडेसहाशे घटकांच्या डीएनए बारकोडाने या कामास आज मोठी मदत होते. परंतु तो ज्या नमुन्यांशी ताडून पाहावयाचा, त्यांची ओळख कोणीतरी भिंगाखाली पावले मोजूनच पटविलेली असावी लागते. तेथे चूक असेल तर यंत्र ती चूक इमानाने पुढे चालविते.

म्हणून चिठ्ठीवर जेवढे सिद्ध झाले तेवढेच लिहावे. 'टेनेब्रिऑनिडी, वंश अनिश्चित. आंब्याच्या सुटलेल्या सालीखाली, बुरशीसह' ही नोंद अपुरी असली तरी खरी आहे, आणि पुढचा अभ्यासक तिच्यावर इमारत रचू शकतो. अंदाजाने लिहिलेले पूर्ण नाव दिसण्यात भारदस्त असते, परंतु ते एकदा सूचीत शिरले की काढून टाकण्यास दुसऱ्याला वर्षे खर्चावी लागतात. बागाईतदार कुपी घेऊन दाराशी येतो तेव्हाही आपले उत्तर असेच असावे. भुंगेरा उलटा करावा, पावले मोजावीत, मग आंब्याच्या खोडात बिनपायांच्या अळ्या आहेत काय हे पाहण्यास त्याला सांगावे. सालीखालच्या काळ्या घोळक्यावर झाडाच्या मृत्यूचा आरोप ठेवण्यापूर्वी एवढी चौकशी झालीच पाहिजे.